राज्यमासा ताटात, पेंग्विन काचेत

मुंबईला पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं, याची आमच्या घरात एक ठरलेली यादी होती. सकाळी भायखळ्याची राणीची बाग, दुपारी तिथेच झाडाखाली डबा, मग तारापोरवाला मत्स्यालय आणि उन्हं कलली की गिरगाव चौपाटीवर भेळ. वेळ उरलाच तर म्हातारीचा बूट. गावाकडून आलेली कितीतरी मुलं आईने याच वाटेने फिरवून परत एसटीत बसवली. डिसेंबरच्या सुट्टीत साताऱ्याहून धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं आली, तेव्हा आईने तीच यादी पुन्हा काढली. ऐंशीच्या घरात आहे, गुडघे कुरकुरतात, तरी 'मी पण येणार' म्हणाली. मला तिला एवढंच सांगावं लागलं की आई, मत्स्यालय बंद आहे.

"कधी उघडणार?" तिने विचारलं, जणू काही सोमवारची साप्ताहिक सुट्टी असावी.

२०२० च्या टाळेबंदीत बंद झालेलं ते मत्स्यालय पुढे उघडलंच नाही. इमारत मोडकळीला आली, पुनर्विकासाच्या घोषणा झाल्या, कागद हलत राहिले. आज ना उद्या तिथे किंवा दुसरीकडे मुंबईत नवं मत्स्यालय उभं राहील. आईचा प्रश्न 'कधी' असा होता. मला काळजी आहे ती 'कसलं' याची, आणि ती काळजी राणीच्या बागेतल्या पेंग्विनच्या दालनात जास्त वाढली.

बागेत आम्ही सहा जण होतो. आई-वडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला मिळून १०० रुपये, माझे ५०, आई ज्येष्ठ नागरिक म्हणून फुकट. २०१७ च्या ऑगस्टपूर्वी मोठ्यांना ५ आणि मुलांना २ रुपये पडायचे. दर एकदम दहापट झाला तेव्हा बरीच ओरड झाली, ती रास्तच होती. पण आज दीडशे रुपयांत सहा माणसांचा अर्धा दिवस मजेत जातो, हेही कबूल करायला हवं. मॉलमधल्या गेम झोनमध्ये तेवढ्यात एक पोरगं दहा मिनिटं खेळतं आणि रडत बाहेर येतं. सुट्टीच्या दिवशी त्या बागेत जी माणसं दिसतात, लालबाग-परळची, मदनपुऱ्याची, गोवंडीची, कल्याण-बदलापूरहून लोकलने आलेली, बुरख्यातल्या आया, नवी कापडं घातलेली पोरं, पिशवीत चपात्या आणि बटाट्याची भाजी, ती एकत्र दिसण्याच्या जागा या शहरात आता फार उरल्या नाहीत. १८६२ साली उघडलेली बाग आहे. तिच्यातले सगळ्यात जुने रहिवासी म्हणजे झाडं. आई थेट गोरखचिंचेपाशी गेली आणि एखाद्या ओळखीच्या म्हाताऱ्याची चौकशी करावी तशी तिच्या बुंध्याला हात लावून उभी राहिली. २००७ च्या सुमारास या बागेचा कायापालट करायची मोठी योजना निघाली होती. ही झाडं आणि बागेचं जुनं रूप राखण्यासाठी नागरिक वर्षानुवर्षं भांडले. ते भांडले नसते, तर आईची ओळख तिथे कुणाशी निघाली असती कोण जाणे.

मुलांना अर्थातच झाडांशी देणंघेणं नव्हतं. पेंग्विन कुठे, पेंग्विन कुठे.

दालनात खांद्यावर पोरं, वर केलेले फोन आणि एकच कलकलाट. काचेपलीकडे १६ ते १८ अंश तापमान. एक पेंग्विन काचेला लागून पोहत होता. धाकटीने काचेवर बोट टेकवून डावीकडे नेलं, तर त्याने चोच डावीकडे वळवली. उजवीकडे नेलं, तर उजवीकडे. तिने श्वास रोखून धरला होता. असा क्षण मुलाच्या आयुष्यात वर्षातून एकदा येतो, आणि केवळ त्यासाठीही प्राणिसंग्रहालय असावं असं मला त्या चार मिनिटांत वाटून गेलं. मग रांग पुढे सरकली. बाहेर आल्यावर थोरल्याने बहिणीला समजावलं, "ते बर्फात राहतात. इथे गरम होतं म्हणून त्यांना फ्रिजमध्ये ठेवलंय."

चूक त्याची नव्हे. पेंग्विन म्हणजे बर्फ, हे त्याने दप्तरावरच्या चित्रापासून सगळीकडे पाहिलंय. पण भायखळ्याचे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. बर्फाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. जमीन वाळवंटी, पाऊस जवळपास नाहीच, आणि समुद्र मात्र गार, कारण किनाऱ्याला लागून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. त्या प्रवाहाबरोबर खोलातलं सत्त्व वर येतं, त्यावर अँकोव्ही नावाच्या लहान माशांचे थवे पोसतात आणि त्या माशांवर पेंग्विन. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे तिथे वर्षानुवर्षं साचलेले जाड थर असायचे, त्यांना ग्वानो म्हणतात. त्यात बिळं करून ते अंडी घालत. एकोणिसाव्या शतकात युरोपला शेतीसाठी खत हवं झालं आणि ते थर खणून जहाजं भरभरून नेले गेले. पेंग्विनांची घरं युरोपच्या शेतात गेली.

याच्याही पुढची गोष्ट आहे, आणि ती सांगितली असती तर थोरला जागीच थबकला असता. ज्या वर्षी एल निनो येतो, त्या वर्षी तिकडचं समुद्राचं पाणी तापतं, अँकोव्ही खोल जातात, लांब जातात, आणि पेंग्विनांची पिल्लं उपाशी मरतात. एल निनो हा शब्द आमच्या थोरल्याला चांगला माहीत आहे. त्याच्या आईचे वडील माण तालुक्यातले, आणि त्या घरात दर मे महिन्यात बातम्या लागल्या की हा शब्द उच्चारला जातो, कारण त्या वर्षी आपल्याकडचा पाऊस बहुतेकदा हात आखडता घेतो. भायखळ्याच्या काचेतला पक्षी आणि माणमधले आजोबा एकाच तापलेल्या पाण्याला धरून बसलेले आहेत. दीडशे रुपयांत ही एवढी गोष्ट घरी नेता आली, तर मी दोनशे द्यायला तयार आहे.

तेव्हा पेंग्विन परका, म्हणून नको, असं माझं म्हणणं नाही. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियाहून आठ पेंग्विन आणले, ऑक्टोबरात त्यातला एक मेला, २०१७ च्या मार्चमध्ये दालन उघडलं. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी पहिलं पिल्लू जन्मलं आणि आठवडाभरात गेलं. नंतरची पिल्लं जगली. २०२१ मध्ये तीन वर्षांच्या देखभालीसाठी १५ कोटींची निविदा निघाली, तेव्हा महापालिकेचं राजकारण ढवळून निघालं आणि 'पेंग्विन' हा शब्दच एक टोमणा होऊन बसला. त्या चिखलफेकीत मला रस नाही. पेंग्विन आल्यावर बागेतली गर्दी वाढली, उत्पन्नही वाढलं, हे खरं आहे. जे इथे आहेत, इथेच जन्मले आहेत, त्यांना आता नीट सांभाळावं. माझा आक्षेप त्या यशातून घेतल्या गेलेल्या धड्यावर आहे. लोकांना लांबून आणलेलं, महागडं, काचेमागचं काहीतरी दाखवलं की ते रांगा लावतात, हा तो धडा. नव्या मत्स्यालयाबद्दल बोलताना पुढाऱ्यांच्या तोंडी पहिला शब्द 'आंतरराष्ट्रीय दर्जाचं' हा येतो आणि दुसरा 'बोगदा'. त्या बोगद्यात डोक्यावरून कुठला मासा जाणार, हे कुणी सांगत नाही.

आता तारापोरवालाकडे वळू, कारण आईची आठवण तिथली आहे.

२७ मे १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्याचं उद्घाटन केलं. प्रजासत्ताकाला जेमतेम सव्वा वर्ष झालेलं, फाळणीच्या जखमा ओल्या, धान्य रेशनवर, आणि देशाचा राष्ट्रपती मरीन ड्राइव्हवर माशांचं घर उघडायला येतो. खर्च ८ लाख, त्यातले २ लाख तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांचे. चालवायला राज्याचं मत्स्यव्यवसाय खातं. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे समुद्र. मला त्या काळाचं उगाच कौतुक करायचं नाही, पण ज्या सरकारकडे पैशांची इतकी चणचण होती त्याला मत्स्यालय ही चैन वाटली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शाळा, वाचनालय, दवाखाना यांच्याच रांगेतली ती गोष्ट होती. २०१५ च्या मार्चमध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडलं, १२ फुटांचा काचेचा बोगदा आला, तिकीट मोठ्यांना ६० रुपये झालं. पाच वर्षांनी टाळं लागलं. तिथून हाकेच्या अंतरावर कोस्टल रोडचा बोगदा जमिनीत शिरतो. त्या रस्त्याला सुमारे १४ हजार कोटी लागले. वरळी आणि हाजी अलीजवळच्या खडकांवरची प्रवाळं त्यासाठी २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावावी लागली, आणि मुंबईच्या समुद्रात प्रवाळ आहे हे बहुतेक मुंबईकरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. कळलं तेही बातमीत, कारण ते पाहण्याची सोय करणारी जागा टाळ्यात होती.

मत्स्यालयाच्या बंद दारावरून आम्ही चौपाटीकडे चालत गेलो. पौर्णिमा जवळ होती. त्यामुळे उधाणाचे दिवस, आणि संध्याकाळी ओहोटी खोल. पाणी इतकं मागे गेलं होतं की आई म्हणाली, समुद्र कुणी उचलून नेला की काय. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरली होती, मधल्या एका भोकापासून निघालेल्या किरणांसारखी. थोरला उकिडवा बसला. आम्ही न हलता थांबलो, तसा भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात कोंबू लागला, तिच्यातलं खाणं गाळून घेऊन उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकू लागला. एक, दोन, तीन. कारखानाच. पुढे एक शंख चालत होता. धाकटीने उचलला तर आतून पाय आत ओढले गेले आणि ती किंचाळली. पाण्याच्या कडेला गुडघाभर चिखलात एक कोळी बाबा पाग टाकत होते. जाळं हवेत गोल उघडलं, पडलं, ओढलं. पोरं त्यांच्याभोवती जमली.

"ही मुडदुशी. वाळूत घुसून बसते. ही बोय. आन् ह्यो कोण, सांग?" त्यांनी थोरल्याला विचारलं.

थोरला सातारी माणूस. त्याला सुकट आणि बोंबील तेवढे माहीत. पण पुढचा पाऊण तास त्याने त्या बाबांची पाठ सोडली नाही. पेंग्विनला चार मिनिटं मिळाली होती.

मला त्या चार मिनिटांची आणि या पाऊण तासाची तुलना करून चौपाटी जिंकली असं म्हणायचं नाही. रांगेत उभं राहून काही पाहणं आणि उघड्या किनाऱ्यावर बागडणं यांत फरक आहेच. पण त्या पाऊण तासात एक गोष्ट सिद्ध झाली: आपल्या समुद्रात दाखवण्यासारखं काही नाही, हा समज खोटा आहे. हा समज फार पसरलेला आहे. मुंबईचा समुद्र म्हणजे गढूळ पाणी, प्लॅस्टिक आणि राखाडी रंगाचे खायचे मासे. रंगीत, देखणं काही पाहायचं तर अंदमान किंवा सिंगापूर. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही हौशी मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना याच शहराच्या खडकांवर घेऊन जातात आणि समुद्रफुलं, ऑक्टोपस, प्रवाळ, इवल्याशा रंगीत समुद्री गोगलगायी दाखवतात. मत्स्यालयाचं काम ते दार नसलेल्या मत्स्यालयात, पदराला खार लावून करतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा घोषित केलं. सातपाटीच्या मच्छीमारांनी ही मागणी लावून धरली होती, आणि कारण भावनिक नव्हतं. जाळ्यांची आसं, म्हणजे भोकं, बारीक झाली, हाताच्या तळव्यात मावणारी पापलेटं बाजारात येऊ लागली, मासा संपत चालला. शेकरू राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, हे शाळेत पाठ होतं. पण आमच्या घरच्या मुलांनी राज्यमासा फक्त रवा लावून तव्यावर पाहिला आहे. पापलेट पोहतं कसं, थव्याने की एकटं, त्याचं पिल्लू केवढं असतं, किती वाढल्यावर ते अंडी देतं, आणि म्हणून बाजारात केवढं पापलेट घेऊ नये, हे दाखवणारी एक सरकारी भिंत या राज्यात असायला नको? पापलेट टाकीत ठेवणं अवघड आहे, मान्य. बोंबीलही टाकीत रमणारा मासा नव्हे. पण जिवंत बोंबील अर्धवट आरपार दिसतो, त्याचा जबडा डोळ्यांच्या मागेपर्यंत फाकतो आणि आत सुयांसारखे दात असतात. चित्रफीत लावा. ज्याला आपण मऊ-मऊ म्हणून तळतो तो शिकारी आहे, हे पाहून मुलं जागची हलणार नाहीत. पिशवीसारखं डोळ जाळं कसं लावतात, ते भरती-ओहोटीच्या ओढीवर कसं चालतं, वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, बोंबील कसा वाळतो, हे दाखवायला काच लागत नाही आणि गारवाही लागत नाही.

टाकीत जगणारे तर पुष्कळ आहेत. गोबरा, तांब, वाम, पाकट, शेवंड, चिंबोरी. माझी स्वतःची शिफारस निवटीची आहे. खाडीच्या चिखलात हा मासा पाण्याबाहेर चालतो. परांवर उड्या मारतो, ओल्या कातडीतून श्वास घेतो, डोक्यावरचे बेडकासारखे डोळे मिटतो-उघडतो आणि दुसऱ्या निवटीशी हद्दीवरून भांडतो. तिवरांची मुळं, चिखल, दिवसातून दोनदा चढणारं आणि उतरणारं पाणी, एवढं केलं की झालं. १६ अंशांचं वातानुकूलन नको. वसई-उरणच्या मुलाला तो रोजचा, आणि तरीही पाहण्यासारखा. तिथे पाटीवर शास्त्रीय नाव असावं, पण पहिलं नाव 'निवटी' असं ठळक असावं. एका मत्स्यालयात (कुठलं ते राहू दे) मी एका मोठ्या टाकीवर फक्त इंग्रजी नाव वाचलं होतं आणि शेजारी उभी असलेली कोळीण आपल्या नातवाला हसत सांगत होती, अरे ही तर आपली मुशी. (मुशी म्हणजे आपल्याकडचा लहान शार्क.) त्या बाईंना तिथे पगारी नोकरी द्यायला हवी होती.

या सगळ्यावर माझ्याच घरात एक आक्षेप आला, तो असा खोडून काढता येत नाही. भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्ही सिंगापूर पाहिलंय. माझ्या पोरांना पेंग्विन दुसरीकडे कुठे दिसणार होता? तुम्ही म्हणता निवटी दाखवा. म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरांना जग आणि आमच्यांना खाडी?"

हा मुद्दा खरा आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. स्वस्त सार्वजनिक जागेत दूरचं जग पाहायला मिळणं ही समतेचीच गोष्ट आहे. राणीच्या बागेतल्या त्या गर्दीच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नव्हता. पण यात एक अडचण आहे. ही दूरची महाग गोष्ट सांभाळायला जितका खर्च येतो, तितकं तिकीट वाढवायची ओढ वाढते, आणि सगळ्यात आधी गळतो तो गोवंडीचाच मुलगा. ५ रुपयांचे ५० होतात, पुढच्या काचेसाठी ५० चे ५०० व्हायला वेळ लागत नाही. खाजगी मत्स्यालयांचे दर पाहा. आणि दुसरं, पैसेवाल्यांची पोरंही आपली खाडी पाहत नाहीतच. ती सिंगापूरला जाऊन शार्क पाहतात आणि वर्सोव्याला राहून मुशी ओळखत नाहीत. वंचित दोघंही आहेत, फक्त वेगवेगळ्या तिकिटावर. पेंग्विन आहेत ते असू द्या. पुढचे कोट्यवधी कुठे जावेत, एवढाच वाद आहे.

दुसरा आक्षेप उलट्या टोकाचा: प्राणी कोंडूच नयेत, प्राणिसंग्रहालयं बंदच करा. तरुण मंडळींत हे मत वाढतंय आणि त्यामागची कळकळ मला समजते. पण आपल्या देशाने 'नाही' म्हणायला सुरुवात केव्हाच केली आहे. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, नियम आले, आठवड्यातून एक दिवस प्राण्यांना माणसांपासून सुट्टी देणं बंधनकारक झालं (आमची राणीची बाग बुधवारी बंद असते ती म्हणून). २००९ च्या नोव्हेंबरमध्ये प्राधिकरणाने हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवायला सांगितलं, कारण दिवसाला मैलोन्‌मैल चालणारा प्राणी एवढ्याशा जागेत ठेवणं क्रूर आहे. आई लहानपणी याच बागेत हत्तीवर बसली होती. तिला ही बंदी पटली, यातच काय ते आलं. २०१३ च्या मे महिन्यात केंद्राने डॉल्फिनच्या खेळांना परवानगी नाकारली. तेव्हा महाराष्ट्रातही असा प्रकल्प घाटत होता. १९९८ मध्ये चेन्नईजवळ बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले होते, तो अनुभव गाठीशी होताच. म्हणजे काय ठेवायचं नाही, याची यादी बनते आहे. काय ठेवायचं, याची यादी मात्र कुणी करत नाही.

जिथे ती केली गेली तिथे फरक दिसतो. दार्जिलिंगचं पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय १९५८ चं. त्यांनी ठरवलं की आपण डोंगरावर आहोत, तर मुख्यतः डोंगरातले प्राणी ठेवायचे: लाल पांडा, हिमबिबट्या, हिमालयातला लांडगा. सिंह नाही, जिराफ नाही. तिथे जन्मलेले लाल पांडा पुढे सिंगालीलाच्या जंगलात सोडले गेले. जुनागढचं सक्करबाग १८६३ चं, आपल्या राणीच्या बागेहून एका वर्षाने धाकटं. गीरच्या सिंहांची पैदास करणारं घर म्हणून त्याची ओळख आहे. आणि कॅलिफोर्नियातलं मॉन्टेरे, जिथे बे एरियात स्थायिक झालेली निम्मी मराठी मंडळी आई-वडील आले की घेऊन जातात. सार्डिनचे डबे भरणाऱ्या बंद कारखान्याच्या जागी १९८४ मध्ये उभं राहिलेलं मत्स्यालय. त्याची सगळ्यात प्रसिद्ध टाकी समोरच्याच उपसागरातल्या उंच समुद्री शेवाळाच्या जंगलाची. पाणीही समोरच्याच समुद्राचं. दिवसा ते गाळून सोडतात, म्हणजे लोकांना स्वच्छ दिसावं, आणि रात्री न गाळता, म्हणजे त्यातून आलेलं खाद्य आणि सूक्ष्म जीव टाकीतल्या रहिवाशांना मिळावेत. (त्याचा तिकिटाचा दर मात्र आपण उचलू नये. ते ऐकून आईला चक्कर येईल.)

मला त्यातली पाण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. मासा जगतो तो आधी पाण्यावर. टाकीत माशांच्या मलमूत्राचा अमोनिया साचतो, गाळणीतले जिवाणू तो पचवून कमी घातक करतात, तो तोल बिघडला तर टाकी रात्रीत मरते. समुद्राचं पाणी आणायचं तर त्याचा खारटपणा, गाळ, त्यात मिसळलेलं सांडपाणी, सगळं रोज मोजावं लागतं. मुंबईसारख्या शहरात समोरच्या समुद्राचं पाणी घेऊन मत्स्यालय चालवणं अवघड जाईल, आणि अवघड जाईल म्हणूनच ते तसं चालवावं. दाराशी एक फळा लावा: आजचं पाणी कसं होतं, कालपेक्षा काय बिघडलं, पावसाळ्यात पहिल्या सरीनंतर गटारांचं पाणी समुद्रात आलं तेव्हा टाकीचं काय झालं. शहराचं सांडपाणी कुठे जातं, हे सांगायला महापालिकेचा अहवाल कुणी वाचत नाही. गोबऱ्याची टाकी का झाकली आहे, हे मात्र प्रत्येक मूल विचारेल. गोड्या पाण्यात मीठ कालवून, परदेशातून मागवलेले मासे सोडून चालवलेल्या मत्स्यालयाला ही अडचणच येणार नाही. शेजारचा समुद्र मेला तरी त्याचे दिवे लागलेले राहतील.

आणि मत्स्यालयाला भिंती हव्यातच असंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आधी गावातच अंडी खाल्ली जात, विकली जात. आता उन्हाळ्याच्या तोंडाशी मुंबई-पुण्याची कुटुंबं तिथे लोकांच्या घरी उतरतात, उकडीचे मोदक खातात आणि पहाटे टोपलीखालून निघालेली, मुठीत मावणारी पिल्लं धडपडत लाटेकडे जाताना पाहतात. किती पिल्लं निघतील याची खात्री नाही, एखाद्या दिवशी एकही नाही. लोक तरी येतात. नवं मत्स्यालय मुंबईत उभं राहिलं, तर त्याच्या पहिल्या दालनात वेळासचा, सातपाटीचा, चौपाटीचा ओहोटीचा तक्ता असावा, म्हणजे इथून बाहेर पडून कुठे जायचं ते लोकांना कळेल.

तिकिटाबद्दल एकच. आई-वडील आणि दोन मुलांना १०० रुपये, ही राणीच्या बागेची रीत मत्स्यालयाने उचलावी, आणि ती करारात लिहून घ्यावी. खाजगी भागीदार आणायचा असेल तर तो या अटीवर येतो का ते पाहावं. नाही आला, तर जागा मोकळी ठेवावी. घाई नाही, पाच-सहा वर्षं थांबलोच आहोत.

निविदा निघेल तेव्हा वर्तमानपत्रांत बोगद्याची लांबी आणि काचेची जाडी छापून येईल. मी त्यात दोनच रकाने शोधणार आहे: पाणी कुठून आणणार, आणि मासे कुठले. आईला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, आधी बसायला बाकडी आहेत का ते बघ.